मधलं पान

तो आवाज मी ऐकला त्याला चाळीसएक वर्षं झाली. चिखलात रुतलेला पाय हळूच बाहेर काढावा, तेवढाच होता. अजून कानातून जात नाही.

"...पण पाण्याच्या जुन्या दगडी डोणीत कोणता माड जगेल, एवढंच सांगा," खातू मास्तर म्हणत होते.

दाऊदबाबा फकीर दर्ग्यामागे रोपं वाढवत. माझी तेव्हा तिशी उलटली होती. रोपांना पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मास्तर दर गुरुवारी बाबांजवळ येऊन बसायचे. पाच महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा खाडीत बुडाला होता. त्यानंतर ते त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते.

"डोणी कुठं ठेवलीय?" बाबांनी विचारलं.

"दारात. अंगण सगळं कातळ, खड्डा पडत नाही. मुलगा लहानपणी तीत डुंबायचा. आता ती रिकामी बघवत नाही... हिला."

"ऊन?"

"दिवसभर."

"मग पोफळ करपेल. भेर्ली माड लावा. तो तग धरतो."

"तो फुलला की मरतो."

"मरतो. पण फुलायला वर्षं लागतात त्याला."

"मरणारं झाड मला दारात नको, बाबा."



"वहिनी कशा आहेत?"

"उत्तम." मास्तर ताठ बसले. "चौदाव्या दिवशी चुलीपुढे बसली. डोळ्यांत टिपूस नाही. मीच सांगितलं होतं, या घरात कोणी रडायचं नाही."

"आणि ऐकलं?"

"माझं सगळे ऐकतात."

"बोलतात?"

"विचारलं की बोलते."

बाबांनी मान हलवली.

मास्तर उठले. रोपांच्या रांगेतून दोनदा फिरले. तुपाच्या जुन्या डब्यात तीन वर्षांचा एक नारळाचा माड होता, त्याच्यापाशी थांबले. बाजूच्या सगळ्या रोपांची काही ना काही पानं वाळलेली होती. याचं एकही नाही.

"हा. कसा टवटवीत आहे बघा. बाकीचे सगळे रडके."

"तो नका घेऊ."

"का? शाळेची बाग मी वीस वर्षं सांभाळली आहे, बाबा. मला झाड कळतं."

"मग मधलं पान ओढून बघा. ते मिटलेलं, सरळ उभं आहे ते. हळू."

मास्तरांनी दोन बोटांत धरून ओढलं.

तो आवाज झाला.

पान त्यांच्या हातात आलं. वरून हिरवं, खाली बोटभर तपकिरी, बुळबुळीत. कुजका वास सुटला.

मास्तर बघत राहिले...

"पण हा हिरवा आहे."

"जुनी पानं आहेत ती."

"बाजूनं फुटेल."

"माडाला एकच कोंब असतो, मास्तर."

"कधी झालं हे?"

"बरेच दिवस झाले असतील."

"आणि बाहेरून काहीच..."

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा रोज पाणी घालतो त्याला. विचारा."

आदल्याच दिवशी मी त्या रोपाची पानं पुसली होती. रांगेत तेच मला सगळ्यांत आवडायचं.

मास्तर डब्यापुढे उकिडवे बसले. हातातलं पान त्यांनी पुन्हा मध्ये खोचलं. ते कलंडलं. पुन्हा खोचलं, या वेळी बाजूच्या दोन पानांच्या आधारानं. मग ते उभं राहिलं. लांबून काही झालंय असं वाटत नव्हतं.

"औषध?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

बाबा त्यांच्या शेजारी येऊन बसले.

दर्ग्याच्या दारात कुणीतरी नारळ फोडला.

"मग बाबा... याला आता पाणी घालायचं की नाही?"

बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"हिरवा आहे तोवर घालायचं."

मास्तरांनी तोच डबा दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला, आणि घराकडे चालू लागले.