सटवाजीने केलेली प्रोसेसरची पारख

एका ठिकाणी शिकलेला धडा भलत्याच ठिकाणी लावणाऱ्या मूर्खाची कथा देशोदेशी सांगितली जाते. कुठे तो बाजारातून बकरी आणतो, कुठे सासुरवाडीला जातो. प्रस्तुत पाठात तो संगणक आणायला निघतो. या कामात शहाणेही फारसे वेगळे वागत नसल्याने हा पाठ श्रोत्यांना विशेष रुचतो.

एका गावात सटवाजी नावाचा एक भोळा गृहस्थ होता. त्याची बायको मंजुळा हुशार होती. तिला गावातल्या अकरा लग्नांच्या पत्रिका छापायचे काम मिळाले होते. मात्र आठ दिवसांत संगणक घरी आला नाही, तर ते काम तालुक्याच्या छापखान्याकडे जाणार होते.

मंजुळा म्हणाली, "अहो, गरुड आणि वायू अशा दोन कंपन्यांचे प्रोसेसर आहेत. तोच संगणकाचा मेंदू. दोन्ही तोलून-मापून सरस असेल तो घ्या."

सटवाजीने दुकानात तराजू मागितला. दोन्ही प्रोसेसर सारख्याच वजनाचे भरले. तेव्हा त्याने दुकानातली सर्वांत जड वस्तू घेतली. ती वीज गेल्यावर लागणारी बॅटरी होती.

मंजुळेने कपाळाला हात लावला. "अहो, वजन कसलं बघता? वेग बघायचा! दोघांना एकदम पळवायचं. पुढे जाईल तो आपला."

सटवाजी पुन्हा गेला. दुकानात दोन्ही कंपन्यांचे विक्रेते आपापले गुण गात होते. त्याने दोघांना एस.टी. स्टँडपर्यंत पळवले. वायूवाला सडपातळ, तो जिंकला. बाजारात याहून प्रामाणिक तुलना क्वचितच झाली असेल. सटवाजीने वायूचा प्रोसेसर घेतला. हरलेला गरुडवाला धापा टाकत होता. त्याचे मन राखायला, प्रोसेसर ज्यावर बसवतात तो बोर्ड गरुडचा घेतला.

"अहो देवमाणसा," मंजुळा म्हणाली, "याचा प्रोसेसर त्याच्या बोर्डावर बसतच नाही! कोण कुणाला जुळतं ते आधी बघावं. चुकीची जोडी दिसली की तिथल्या तिथे बदलावी."

"असं होय! आधीच सांगायचंस की."

या वेळी ती स्वतः सोबत गेली. बोर्ड बदलला, संगणक सुरू झाला. एकाच दिवशीच्या दोन लग्नांच्या पत्रिका तिने फोटोंसह जुळवल्या आणि ती दळण आणायला निघाली. "छापायचं बटण तेवढं दाबा. गठ्ठे बांधून न्यायला येतील त्या पाहुण्यांच्या हाती द्या."

सटवाजी पडद्यासमोर बसला. उंचनिंच सुमनशेजारी ठेंगणे रावसाहेब होते. ठेंगण्या पुष्पाशेजारी ताडमाड निवृत्तीराव. त्याला धडा आठवला. त्याने दोन्ही नवरदेव नावागावासकट उचलून एकमेकांच्या जागी ठेवले आणि बटण दाबले. वायूच्या वेगाबद्दल तक्रारीला जागा उरली नाही.

लग्नाच्या दिवशी पुष्पाचे वडील पत्रिका नाचवत दारात आले. "सटवाजी! माझा जावई कुठाय?"

"सुमनला दिला, मामा. तुमच्या पुष्पाला तो बसत नव्हता."

तोवर पत्रिका वाचून आलेले वाजंत्रीवाले निवृत्तीरावांना घोड्यावर बसवून, वाजतगाजत, सुमनच्या मांडवात घेऊन गेले होते.