वाकळाईचा चौथा कोपरा

देवीच्या अंगावर चिंध्या का, हे विचारायच्या आधी ती साडी खाली ठेवा, ताई. इथं नवी साडी चढत नाही. पायऱ्यांशी ठळक अक्षरांत पाटी लावली आहे, पण पाटी वाचायला वेळ कुणाला आहे? गेल्या जत्रेत आलेल्या साड्यांनी मागची खोली भरली आणि आता तिथं उंदरांचा संसार सुखात चालला आहे. मी इथली गुरवीण. सासूबाईंच्या मागे देवीची पूजा माझ्याकडे आली, आणि त्यांचा वैतागही सोबत आला.

आमच्या गावात कुणाच्याही घरची वाकळ बघा, म्हणजे जुन्या कपड्यांचे थर लावून शिवलेली गोधडी. तिला तीनच कोपरे असतात. चौथा कापलेला. हल्ली बाजारात कोरं कापड फाडून गोधड्या शिवतात आणि वर मशीनवर चौथा कोपराही छान गोल कापून देतात. काय बोलावं!

सांगतात ते असं. फार पूर्वी या गावात वापरलेलं कापड कुणी कुणाला देत नसे. अंगावरच्या कपड्यात माणसाची बरकत मुरते, कपडा दिला की ती पण गेली, असा समज. म्हणून कपडा जुना झाला की फाडायचा आणि त्या समोरच्या खिंडीत भिरकावून द्यायचा. खाली सगळी बोरीची झाडं. चिंध्या त्यांच्या काट्यांना अडकून राहायच्या. वर माणसं थंडीनं कुडकुडत होती आणि खाली झाडं कपडे घालून उभी होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या गावात कोंडाई नावाची बाई होती. तिचा नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरला, तो परत आलाच नाही. घरात ती आणि तिची अंगावर पिणारी लेक, येमी. एका पौषात येमी गारठ्यानं निळी पडली. कोंडाई देवीला नवस बोलली, पोर जगू दे, तुला कोरं, अखंड लुगडं नेसवीन. मग दारोदार जुनं कापड मागत फिरली. पाटलीणबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "माझ्या घरची बरकत तुझ्या पोरीला पांघरू व्हय?" पुढच्या दारीही तेच, त्याच्या पुढच्या दारीही तेच.

तेव्हा तिचं डोकं फिरलं म्हणे. माझंही फिरलं असतं. कुणाला न सांगता ती खिंडीत उतरली आणि काट्यांतून चिंध्या सोडवू लागली. हात रक्तानं भरले. घरी आणून तिनं त्या राखेच्या पाण्यात उकळून धुतल्या. बारीक तुकडे आत, धड तुकडे वर, असे थर लावले. दोरा कुठून आणणार? एका धोतराचे धागे ओढून ते वळले, आणि कडेपासून आत आत जात धावदोरा घातला. अवघड काहीच नाही त्यात. ज्याला सुई धरता येते त्याला वाकळ शिवता येते, पण आता ऐकतं कोण! शेवटी एक कोपरा कमी पडला. तिनं आपला पदर फाडून तो तुकडा तिथं जोडला आणि येमीला त्यात गुंडाळलं. पोरीच्या अंगात ऊब आली, ती रडली, दूध प्यायली.

आता गावाला बरं वाटायला हवं होतं ना? पण पाटलानं वाकळीवर आपलं मुंडासं ओळखलं, सुतारानं आपली बंडी ओळखली, आणि ज्याला त्याला आपापली चिंधी आठवली. "हिनं आमची बरकत चोरली. उसवा ती वाकळ!" असा चावडीवर गलका झाला. उसवणार कशी? एकच दोरा सगळ्यांच्या कापडांतून गेलेला. एकाचं काढायचं तर सगळ्यांचंच सुटणार, आणि ते घरी नेऊन परत खिंडीतच टाकायचं होतं. शेवटी पाटलानं तोडगा काढला, की नवस फेडायचाच आहे तर ही वाकळ देवीला वाहा, म्हणजे कुणाची बरकत कुणाकडे जायला नको. येमी कशात झोपेल, हे एकानंही विचारलं नाही. इतक्या वेळा सांगितलं तरी इथं आलं की माझा जीव जळतो.

देवीच्या अंगावर पाटलीणबाईनं नेसवलेला भरजरी शालू होता. कोंडाईनं त्यावर वाकळ टाकली आणि सगळ्या गावासमोर देवीवर ओरडली, "कोरं न्हाई, अखंड न्हाई. लेकराच्या अंगावरचं काढून आणलंय. तुला थंडी वाजत असंल तर ठेव. न्हाईतर तूच बघ तिच्याकडं, मी हात टेकले!" पाटलानं देवळाला कडी घातली आणि सगळे घरी गेले.

सकाळी येमी वाकळीत गुरगुटून झोपलेली होती म्हणे. देवळाची कडी जशीच्या तशी. आत शालू देवीच्या पायाशी गळून पडला होता आणि तिच्या खांद्यावर एकच तुकडा होता, कोंडाईच्या पदराचा. वाकळीचा तेवढाच कोपरा देवीनं ठेवून घेतला होता. तेव्हापासून तिला वाकळाई म्हणतात.

आजही आमच्याकडे मूल झालं की घराघरांतून जुनं कापड मागून त्याची वाकळ शिवतात. चौथा कोपरा आईच्या वापरलेल्या पदराचा, आणि तो कापून देवीला. हिच्या अंगावर दिसतात ते सगळे असे पदर आहेत. पण यंदा खालच्या आळीत लेकरू झालंय आणि त्याची वाकळ अर्धी पडून आहे. मी घरोघर हिंडले. जुनं सुती कापड कुणाकडे उरलेलंच नाही म्हणतात. देतात ते नायलॉन, गार पडतं आणि लेकराला टोचतं. पौष तर तोंडावर आला.

म्हणून म्हणते, तुमची साडी परत न्या. पण ती ज्यात गुंडाळून आणलीत ते काय आहे? बघू. सुती आहे, धुऊन धुऊन किती मऊ झालंय. आईचं लुगडं? गेल्या का त्या? मग राहू द्या, ताई. ते मी मागणार नाही.

नाही, खरंच राहू द्या. देताय? बघा हं, वाकळीत गेलं की परत मिळायचं नाही.

बरं, द्या. आणि तेच डोळ्यांना लावू नका, ओल्या कापडात सुई चालत नाही. बसा इथं माझ्याजवळ. पहिला टाका तुम्हीच घाला.