पाखराला गायला कोणी लावलं?

दिवाणखान्यातली टिकटिक ऐकू येत नव्हती. भिंतीपलीकडे ओसरीवर बसून पंख्याची दोरी ओढणाऱ्या तुळसाला सकाळपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते हेच.

तेवढ्यात आतून रणधीरराव महाराजांची हाक आली, "कोण आहे रे तिकडे?"

तुळसा इतकी दचकली, की दोरी हातातून सुटली. ती उठून दारात आली.

आत महाराजांचा इंग्रजीचा तास चालला होता. लाटसाहेबांनी भेट दिलेलं घड्याळ बंद पडलं होतं. त्यातलं लाकडी पाखरू अर्धवट बाहेर येऊन लटकत होतं, आणि लाटसाहेब तर उद्याच चहाला येणार होते.

"घड्याळ मोडलं गेलं आहे, सरकार," दिवाणजी म्हणाले. तेही इंग्रजीत.

महाराज पेंडसे मास्तरांकडे वळले. "मास्तर, क्रियापदाला 'कोण' विचारलं की कर्ता सापडतो म्हणालात ना? मग यात मोडणारा कुठाय?"

"वाक्यात नाही, सरकार. बोलणाऱ्याने तो सांगितलाच नाही."

"मग बाहेरून आणा!" महाराजांची नजर दारातल्या तुळसावर पडली. "ही दिवसभर इथेच असते. पोरी, दुपारपर्यंत मोडणारा उभा कर. नाही सापडला, तर तो तूच. मग राजवाड्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

आजारी आई आणि तुळसा, दोघींची चूल या दोरीवरच पेटत होती. काल दुपारी आपण पंखा कोणासाठी ओढत होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते नाव घ्यायचं कसं?

दुपारी दिवाणजी, सेनापती, मास्तर, सगळे दिवाणखान्यात जमले. तुळसाने पदर घट्ट धरला.

"घड्याळ कोणी मोडलं?"

दिवाणजी छताकडे बघू लागले. सेनापती मिशी चाचपू लागले. महाराज गालात हसले. "झालं विचारून?"

"प्रश्न चुकला, सरकार. दुसरा विचारू?"

"विचार की."

"ते पाखरू आलं तेव्हापासून मुकं. मुंबईच्या कारागिरानेसुद्धा हात टेकले. पण काल दुपारी ते गायलं. भिंतीपलीकडून ऐकलं मी. इतकं गोड, की घाबरलेच." तिने पाखराकडे बोट दाखवलं. "हे कसब कोणाचं, ते लाटसाहेबांना सांगायला नको? पाखराला गायला कोणी लावलं?"

"तसं म्हटलं तर..." दिवाणजी पुढे सरकले, "मीच जरा तेल सोडलं होतं."

"तेलाने काय होतंय?" सेनापती म्हणाले. "मी टिचकी मारली, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला."

"मग सेनापतींचंच नाव सांगूया," तुळसा हळूच म्हणाली.

"खबरदार!" महाराज गादीवरून उठले. "म्हणे टिचकी! अडकित्त्याचं टोक आत घालून, श्वास रोखून आम्ही गायला लावलं त्याला! हे दोघं तेव्हा जेवून घोरत होते!"

पेंडसे मास्तर खाकरले. "सापडला, सरकार."

महाराजांनी डोळे वटारले. मग त्या लटकत्या पाखराकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले. "अगं, एवढी भित्री तू, आणि आम्हालाच उभं केलंस? लाटसाहेबांना आता आम्हीच सांगू. बोल, काय हवं?"

"एक तास आत बसून शिकायचंय, सरकार. पंख्याखाली."

"मग दोरी कोण ओढणार?" मास्तरांनी विचारलं.

दिवाणजी पुन्हा छताकडे बघू लागले.

तास सुरू झाला. तुळसा खुर्चीच्या कडेवर टेकली. समोरची महाराजांची गादी मात्र रिकामीच. उकडत होतं, आणि पंखा जागचा हलेना.

"हाक मार की," मास्तर म्हणाले.

"को... कोण आहे तिकडे?"

पंखा तसाच. तिने धीर करून पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

दोरी करकरली. पंखा असा जोरात हलला, की मास्तरांची टोपी उडाली. भिंतीपलीकडून धापा टाकत आवाज आला,

"मी आहे, बाई, मी! घड्याळ मोडणारा!"