मुक्या नाण्याचं मोल

एकदा काय झालं, एका राजाला जुनी नाणी जमवायचा नाद लागला. थांबा, आधी पांघरूण घ्या बघू. चिंगे, त्याची उशी ओढू नकोस. मी आज फार दमलेय, गोष्ट एकदाच सांगणार.

तर राजाला नाद लागला. कुणाला पतंगाचा असतो, कुणाला पानाचा, याला नाण्यांचा. शिसवी पेटी, पेटीत मखमल, मखमलीत खळगे आणि प्रत्येक खळग्यात एक नाणं. सगळे खळगे भरले होते, एक सोडून. तिथे मोराच्या शिक्क्याचं तांब्याचं नाणं हवं होतं. तसलं नाणं म्हणे अख्ख्या मुलखात एखादंच उरलं होतं. राजा रोज त्या रिकाम्या खळग्यात बोट फिरवत बसायचा आणि राणी कपाळाला हात लावायची.

या राजाकडे एक पारखी होता. सटवाजी त्याचं नाव. नाणं खरं की खोटं आणि बाजारात त्याला काय मिळेल, हे सांगणं त्याचं काम. पण तो नुसता बघायचा नाही, बरं का. तो नाणं कानाला लावायचा आणि नाणं त्याला सगळं सांगायचं. कसं? तर तरुणपणी त्यानं चिखलात रुतलेलं एक कासव सोडवलं होतं. ते काही साधंसुधं कासव नव्हतं. ते म्हणालं, "आजपासून नाणी तुझ्याशी बोलतील. पण किंमत खरी सांगायची. एकदा जरी खोटी सांगितलीस, तर जीभ दगडाची होईल." एवढं बोलून कासव डुबकन पाण्यात गेलं.

मग सटवाजीचं नाव झालं. राजानं त्याला वेशीजवळ दोन खोल्यांचं घर दिलं, त्याच्या नावावर, कायमचं.

पण नाणी फार बोलतात रे बाळांनो. शंभर शंभर वर्षं मडक्यात पुरलेली ती. वर आली की थांबायला तयार नाहीत. कुणी लढाईचं सांगतं, कुणी लग्नाचं, कुणी आपण कुठल्या गाडग्यात होतो तेच पुन्हा पुन्हा सांगतं. चाळीस वर्षं ऐकून ऐकून सटवाजीचे कान किटले. आणि नाण्यांपेक्षा माणसांचा ताप जास्त. ज्याला त्याला वाटे, आपल्या डब्यातलं नाणं म्हणजे सोन्याची खाण. खरी किंमत ऐकली की तोंड पडायचं, मग शिव्या सुरू. सटवाजी जेवायला बसला तरी दारात कुणीतरी उभं. त्याला धड झोप लागेना. हाडापर्यंत दमला होता हो तो.

मग एक दिवस राजानं दवंडी पिटवली. जो कुणी मोराचं नाणं आणील, त्याला पारखी सांगेल ती किंमत मिळेल. झालं! लोकांनी कोनाडे धुंडाळले, चुली उकरल्या, म्हाताऱ्यांच्या चंच्या झटकल्या.

दरबारात पहिला आला लिंबाशेट कापडवाला. त्याच्या नाण्यावर मोर नव्हताच. "मोर नसू दे, पण हे दोन हजार वर्षांचं आहे," तो म्हणाला. "पलीकडच्या गावचा एक जण याची किंमत पाच घोडे सांगतो."

सटवाजीनं नाणं कानाला लावलं. नाणं म्हणालं, "म्हातारं आहे मी, पण माझी भावंडं लाखांनी आहेत. कुठलंही शेत नांगरा, दोन-चार निघतातच."

"शेट, दोन शेर गूळ येईल," सटवाजी म्हणाला.

"आणि ते पाच घोडे?"

"तो घोडे सांगतो, पण देतो का? देत असेल तर पळत जा."

लिंबाशेट शिव्या देत गेला.

मग दुसरा आला एक जहागीरदार. पुढे वाजंत्री, मागे नोकर आणि मधे लाल रुमालावर नाणं. नाण्यावर मोर, अगदी तुऱ्यासकट! राजा उठून उभाच राहिला. सटवाजीनं नाणं कानाला लावलं, तर ते फिदीफिदी हसायला लागलं. "माझा जन्म गेल्या दसऱ्याचा, तांबट आळीतला. कडेला कानस फिरवलेली दिसत नाही का?"

"बनावट आहे," सटवाजी म्हणाला. "मोडीत घाला." जहागीरदारानं तलवारीला हात घातला. राजा मधे पडला म्हणून निभावलं. सटवाजीनं नुसते डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, मारली असती तलवार तर निदान आडवं तरी होता आलं असतं. हसू नका रे, दमलेल्या माणसाला असलंही सुचतं.

आणि मग तिसरी आली गोजरा. ही सटवाजीची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. हिनंच त्याला भरवलं, हिनंच वाढवलं. नवरा गेल्यापासून गोजरा दिराच्या घरी गोठ्यालगतच्या पडवीत झोपायची. भावाकडे राहायला ये म्हटलं, तर कुणाच्या उपकारावर राहायचं नाही म्हणायची. तिला एकच हवं होतं. आपलं स्वतःचं दार असावं आणि त्याला आतून कडी लावता यावी. बस.

तिनं पदराची गाठ सोडली आणि नाणं भावाच्या तळहातावर ठेवलं. नाणं लखलखत होतं. सटवाजीनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"अक्का, हे असंच होतं?"

"असंच कसं असेल? काळंकुट्ट, वर हिरवे डाग. आईनं जाताना दिलेलं, तेव्हापासून डब्यात पडलेलं. राजाच्या दारात मळकं न्यायचं का? तीन दिवस चिंच लावली, राख लावली, काथ्यानं खसाखसा घासलं. बघ, देवाच्या तांब्यासारखं केलंय."

बाळांनो, तेच ते नाणं होतं. खरंखुरं. उन्हात तिरकं धरलं तर मोराची मान जराशी दिसायची. बाकीचा मोर चिंचेच्या पाण्यात गेला होता. जुन्या नाण्यावर चढलेला काळेपणा म्हणजे मळ नव्हे. काळानं हळूहळू घातलेला अंगरखा तो, घेणारा त्याचेच पैसे देतो. सटवाजीनं नाणं कानाला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही. नाणं मुकं झालं होतं.

"मोराचंच ना?" राजानं विचारलं. "किंमत बोल."

आता बघा. सटवाजी नुसता 'घर' म्हणाला असता, तर राजानं डोळे झाकून घर दिलं असतं. त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण जिभेची भीती होती, आणि भीतीपेक्षाही, चाळीस वर्षं शिव्या खाऊन त्यानं खरं बोलणं एवढं एकच सांभाळलं होतं.

"महाराज, मोराचंच आहे. पण घासलेलं आहे. तुमच्या पेटीसाठी याची किंमत मूठभर चणे."

गोजरा रडली नाही, भांडली नाही. "असं होय," म्हणाली. "उगाच तुझा वेळ खाल्ला रे." आणि नाणं परत घ्यायला तिनं हात पुढे केला. चिंचेनं तिची बोटं भेगाळली होती. सटवाजीला ते बघवेना.

नाणं अजून त्याच्या कानाशीच होतं. आणि कानात सगळं शांत. ना लढाई, ना लग्न, ना गाडगं. त्याचे खांदे आपोआप सैल झाले. त्याला चक्क जांभई आली.

"थांब अक्का," तो म्हणाला. "बाजारात महाराज एकटेच गिऱ्हाईक नाहीत. हे नाणं मी घेतो. माझं घर देतो."

दरबार हसला. राजा म्हणाला, "शुद्धीवर आहेस का? मुकं नाणं ते!"

"म्हणूनच, महाराज. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कानाला विसावा मिळाला. ज्याला वस्तू खरंच हवी आहे आणि जो खरंच मोजतो, तो देईल ती बाजारातली किंमत. पारखी म्हणून सांगतो, या नाण्याची किंमत एक घर."

बोलला आणि त्यानं तोंड मिटलं. सटवाजीनं हळूच जीभ हलवून पाहिली. जीभ मऊ होती!

"सटू, माझी दया करतोस ना?" गोजरानं विचारलं.

सटवाजीनं भर दरबारात बहिणीला जीभ काढून दाखवली. एवढा पिकल्या केसांचा माणूस! गोजराला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

"आणि तू रे? तू कुठं राहणार?"

"मी घर विकलं. मालकिणीनं जागा दिली, तर ओसरीवर पडेन."

"ओसरीवर कुत्रं झोपतं," गोजरा म्हणाली. "मुकाट्यानं आत ये."

राजाच्या पेटीतल्या रिकाम्या खळग्यात मग राणीनं सुपारी ठेवली. सटवाजी फक्त बाजाराच्या दिवशी नाणी बघू लागला. इतर दिवशी कुणी आलं, तर गोजरा दारातूनच सांगायची, "बुधवारी या. आणि नाणं घासू नका, हात जोडते." मग आतून कडी लावायची.

घर विकलं त्या रात्री सटवाजीनं बहिणीच्या हातचा ताकभात खाल्ला, नाणं कानाखाली घेतलं आणि आडवा झाला. गोजरानं त्याच्या अंगावर वाकळ घातली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत तिनं त्याला उठवलं नाही. पुढे दोघं भाऊबहीण पुष्कळ वर्षं सुखात राहिली. तुम्हीही सुखात राहा, आणि आता मिटा डोळे. मलाही झोपू द्या गं.