सुनेच्या वाटची पावलं

ऐक ग चालतीआई, तुझी कहाणी तुलाच सांगते. बायांनो, तांदूळ मुठीत घट्ट धरा आणि कुजबुज नंतर करा. मी मधेच थांबले तर मला दोष लागतो, तुम्हाला काय!

एक होतं आटपाट नगर. नगरात कासारांची आळी होती. आळीत द्वारका नावाची कासारीण राही. नवरा मागंच देवाघरी गेला, लेक दुकानावर बसे, घरात एकुलती एक सून होती. तिचं नाव मंजुळा. आता कहाणीतल्या सासवा तुम्हाला ठाऊक आहेत. कोणी सुनेला उष्टं वाढते, कोणी गोठ्यात निजवते. ही सासू तसली नव्हती. दुधावरची साय सुनेला, तव्यावरची पहिली भाकरी सुनेला, सणाचं नवं लुगडंही आधी सुनेला. सुनेला ठेच लागली की हिच्या डोळ्यांत पाणी येई. आळीतल्या बाया म्हणत, "अग, तू सासू आहेस का आई?" द्वारका म्हणे, "दोन्ही आहे. तुमच्या का पोटात दुखतं?"

मंजुळाही तशीच गुणाची. बांगड्यांचं ओझं खांद्याला लावी, गल्लीगल्ली हिंडे, कितीही कडक हात असो, बाईला न दुखवता बांगडी चढवी. असं सुखानं चाललं होतं. मग एके दिवशी न्हाताना मंजुळेच्या छातीत गाठ हाताला लागली. लाजली नाही, लपवलं नाही, तशीच ओल्या केसांनी सासूपाशी आली. "आत्याबाई, इथं हात लावून बघा." सासूनं हात लावला. गाठ खरीच होती.

मग काय केलं? इस्पितळात नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होती. तिनं तपासलं, सुई घालून गाठीचा कण काढला, चार दिवसांनी बोलावून सांगितलं, "कर्करोग आहे. भिऊ नका, उपाय आहे. आधी औषध शिरेतून देऊ, गाठ बारीक करू. मग ऑपरेशन करू. पण औषध कडक आहे आणि ते पुरतं घ्यायला हवं. म्हणून खायला घाला, प्यायला द्या, आणि हिला हिंडतीफिरती ठेवा." सासूनं 'खायला घाला' ऐकलं, गाठीला बांधलं. 'प्यायला द्या' ऐकलं, गाठीला बांधलं. 'हिंडतीफिरती ठेवा' म्हटल्यावर मनात म्हणाली, या बाईला सांगायला काय जातंय! माझी पोर मरणाच्या दारात, आणि ही तिला हिंडवायला निघाली.

पहिलं औषध झालं. मंजुळेला ओकाऱ्या झाल्या, तोंडाची चव गेली, उशीवर केसांचे पुंजके निघाले. सासूनं खाट उजेडात ओढली, वर मऊ गोधडी घातली, सुनेला निजवलं. मग मंजुळा पाणी घ्यायला उठली. सासू म्हणाली, "बस, मी आणते." मंजुळा ताट उचलायला उठली. सासू म्हणाली, "बस, मी उचलते." मंजुळा दारात उभी राहायला उठली. सासू म्हणाली, "बस, वारा लागेल." शेजारणीही येत, गालावर हात ठेवून म्हणत, "निजून राहा हो, बाई, निजून राहा." सगळ्या आळीनं तिला प्रेमानं निजवली. मंजुळेला वाटलं, इतकी सगळी म्हणतात, तर आपण फार आजारी असू. मग ती खरंच निजली.

आता नगराबाहेर, चिंचेखाली, चालतीआईचं ठाणं होतं. तिचा वसा साधा होता. सकाळी उठावं, पाय भुईला लावावे, झेपेल तितकं चालावं, परत यावं. नैवेद्य नको, दक्षिणा नको. द्वारका तिथं गेली, ओटी भरली, म्हणाली, "आई, वसा घेते." ठाण्यावरची गुरवीण म्हणाली, "वसा कोणाच्या नावचा?" "माझ्या सुनेच्या." "आणि चालायचं कोणी?" "मी. ती अंथरुणाला खिळलीय, तिच्या वाटचं मी चालीन." गुरवीण काही सांगायला गेली, पण हिचा चेहरा बघून तिनं नुसता अंगारा लावला. हिचं तरी काय चुकलं? लेकराच्या नावानं आई उपास करते, नवऱ्याच्या नावानं बायको वडाला फेरे घालते. बाईचा जन्म दुसऱ्याच्या वाटचं करण्यातच जातो, तुम्ही सांगा बघू, तुमचा कसा गेला?

मग द्वारका नेमानं चालू लागली. पहाटे उठे, पदर खोची, चिंचेपर्यंत जाई, सुनेचं नाव घेऊन फेरे घाली, माघारी येई. एक महिना झाला, हिचे गुडघे मोकळे झाले. दुसरा महिना झाला, हिला कडकडून भूक लागू लागली, भाकरीवर भाकरी जाऊ लागली. तिसरा महिना झाला, हिचं अंग असं तजेलदार झालं की लेक म्हणाला, "आई, तू माझी थोरली बहीण दिसतेस." आणि मंजुळेचं? पहिल्या महिन्यात जिना सुटला. दुसऱ्या महिन्यात ओसरी सुटली. तिसऱ्या महिन्यात खाटेवरनं मोरीपर्यंत जायला दोघांनी धरावं लागलं. पिंढऱ्या काटक्या झाल्या, रात्रीची झोप उडाली, दिवसाची गुंगी सुटेना.

औषधाचा दिवस आला. मधली औषधं कशीबशी झाली होती, आता पुन्हा इस्पितळात नेली. डॉक्टरीणबाईनं रक्त पाहिलं, वजन पाहिलं, म्हणाली, "मंजुळा, उभी राहा बघू." मंजुळा उठायला गेली आणि मटकन खाली बसली. डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आज औषध देत नाही. या अंगाला ते सोसायचं नाही. थोडे दिवस थांबते. पण गाठ आपल्यासाठी थांबणार नाही. पुढच्या खेपेलाही हीच गत असली, तर हे औषध मला बंद करावं लागेल." सासूनं सुनेला कसंबसं घरी आणलं, खाटेवर निजवलं, आणि तरातरा चिंचेकडं निघाली.

देवीपुढं उभी राहून कडाकडा भांडली. "काय ग, कुठं गेली होतीस? ऊन म्हटलं नाही, चिखल म्हटला नाही, एक दिवस चुकवला नाही. आणि माझी पोर सुकली! असली कसली ग तू देवी?" इतक्यात चिंचेआडून एक म्हातारी आली. हातात काठी, पाय धुळीनं माखलेले. म्हणाली, "का ग ओरडतेस? फळ तर रोज देत होते." "कुठं दिलंस?" "तुझे गुडघे कोणी मोकळे केले? भाकरी कोणी गोड केली?" द्वारका कपाळावर हात मारून म्हणाली, "मला मेलीला काय करायचंय! तिला द्यायचं होतंस ना!" म्हातारी म्हणाली, "वेडे, तिच्या वाटचं तू जेवलीस तर तिचं पोट भरेल का? तिच्या वाटचं निजलीस तर तिचे डोळे निवतील का? मग तिच्या वाटचं चाललीस तर तिच्या पायांत बळ कुठून येईल?"

द्वारका भुईवरच बसली. तिला रडू फुटलं. "आई, चुकले. मायेनं चुकले. आता काय करू?" म्हातारी जवळ बसली, म्हणाली, "सांगते ते ऐक. सुनेचा वसा सुनेला दे. तिनं सकाळी उठावं, पाय भुईला लावावे, झेपेल तितकं जावं. दमली तर बसावं, बसून परत उठावं. तू हात धर, पण उचलू नकोस. ताप आला, घेरी आली, तर घरीच राहावं, डॉक्टरीणबाईला विचारावं, तिचं ऐकावं. त्या दिवशी निजल्या जागी पाऊल हलवलं तरी मला पोचतं. औषध सोडू नये. माझा वसा औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. बरं वाटलं म्हणून धावू नये, ते उतणं. आता गरज नाही म्हणू नये, ते मातणं. आणि घेतला वसा टाकू नये." द्वारका म्हणाली, "आणि माझा वसा?" म्हातारी हसली. "तुझा अवघड आहे. ती उठेल तेव्हा तू बसायचं." इतकं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

दुसरा दिवस उजाडला. मंजुळेनं हाक मारली, "आत्याबाई, पाणी." द्वारका पाटावर बसली होती. पाय उठायला धावले, तिनं पाट दोन्ही हातांनी धरून ठेवला. म्हणाली, "माठात आहे. ऊठ, घे." मंजुळा बघतच राहिली. पुन्हा म्हणाली, "आत्याबाई, पाणी." "माठात आहे, पोरी." तिसऱ्यांदा मंजुळेचा आवाज फुटला. "आता तुम्हीही कंटाळलात का मला?"

बायांनो, काळजात सुरी घातली असती तरी परवडली असती. द्वारका रडली, पण पाट सोडला नाही. रडत रडत तिनं सगळं सांगितलं, चिंचेचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं, डॉक्टरीणबाईचं आपण ऐकलंच नाही तेही सांगितलं. मंजुळेला राग आला. सासूचा आला, दुखण्याचा आला, गोधडीचासुद्धा आला. रागारागानं तिनं पाय खाली सोडले. खाटेला धरून उभी राहिली. भिंतीला धरून दोन पावलं गेली, थांबली. दाराला धरून आणखी दोन गेली, धापा टाकल्या. मग माठ गाठला. स्वतः पाणी प्याली. दुसरं भांडं भरलं, अर्धं हिंदकळलं, अर्धं सासूपुढं आदळलं. "घ्या, तुम्हीही प्या. किती रडाल?" असं अमृत द्वारका जन्मात प्याली नव्हती.

मग वसा सुरू झाला. आज माठापर्यंत, उद्या ओसरीपर्यंत, मग पायरीपर्यंत, मग आळीच्या तोंडापर्यंत. सुनेचं डोकं रुमालात बांधलेलं, सासू बाजूला, हात पुढं केलेला. आळीला निमित्त मिळालं. एक म्हणाली, "मरायला टेकलेल्या सुनेला चालवते!" दुसरी म्हणाली, "घरात राबायला कोणीतरी हवं ना हिला!" तिसरी म्हणाली, "शेवटी सासू ती सासूच." साय खाऊ घालत होती तेव्हा आई होती, चालवू लागली तेव्हा सासू झाली. द्वारका उलट उत्तर द्यायची नाही अशी बाई नव्हती, पण सुनेला श्वास मोजूनमापून घ्यावा लागे, तिला तंटा सोसवला नसता, म्हणून तिला घेऊन पुढं चालली.

एके सकाळी मंजुळेला कणकण होती. ती म्हणाली, "आत्याबाई, चला, वसा मोडेल." सासू म्हणाली, "उतू नकोस. नीज." लेकाला इस्पितळात पिटाळलं. डॉक्टरीणबाईनं लगेच बोलावलं, दोन दिवस ठेवून घेतलं, ताप उतरवला. मंजुळा तिथं पांघरुणाखाली पावलं हलवी आणि सासूला खुणेनं दाखवी. दोघी तोंडाला पदर लावून हसत.

औषधाचा दिवस आला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मंजुळा, उभी राहा बघू." मंजुळा उभी राहिली. "चालून दाखव." दारापर्यंत गेली, परत आली. रक्त पाहिलं, वजन पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आज देते." सासूनं भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले. मग पुढचं औषध झालं, त्याच्या पुढचंही झालं. ओकाऱ्या झाल्याच, केस काही उगवले नाहीत, वाईट दिवस वाईटच गेले. पण दोन घास जाऊ लागले, रात्री डोळा लागू लागला, आणि वाईट दिवसानंतर उठायचं कसं ते पायांना कळलं.

मग ऑपरेशन झालं. हात वर जाईना. डॉक्टरीणबाईनं शिकवलं, भिंतीशी उभं राहावं, बोटांनी भिंत चढावी. मंजुळा रोज भिंत चढू लागली. आज कंबरेइतकी, उद्या खांद्याइतकी. सासू पाटावर बसून बघे, आणि आपलीही बोटं मांडीवर नकळत चढवी. एके दिवशी मंजुळेचा हात फळीवरच्या डब्याला लागला. तिनं सासूला न विचारता गूळ काढून खाल्ला. द्वारका मनात म्हणाली, आता ही माणसांत आली.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "गाठ काढली. औषधं पूर्ण झाली. आता वरचेवर तपासत राहू. त्यापुढचं आज मी सांगू शकत नाही." दोघी घरी आल्या. मग एका सकाळी चिंचेपर्यंत गेल्या. सुनेनं आपल्या हातानं ओटी भरली, आपल्या पायांनी फेरे घातले, नमस्कार केला.

द्वारका मागं राहिली. चिंचेआड म्हातारी बसलेली दिसली. द्वारकेनं तिचे धुळीचे पाय धरले, म्हणाली, "आई, एक विचारते. माझी मंजुळा जगेल ना?" म्हातारी म्हणाली, "आयुष्य किती ते सटवीनं लिहिलं. ते मला वाचता येत नाही." द्वारका म्हणाली, "मग तू दिलंस काय?" म्हातारीनं काठी पुढं केली. "ते बघ."

द्वारकेनं वळून बघितलं. मंजुळा उतरणीला लागली होती. वाटेत दगड होते, मुळ्या होत्या. द्वारका धरायला धावली, हात पुढं केला. मंजुळेनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. दगड चुकवला, मुळी ओलांडली, आणि आपल्या तंद्रीत काहीतरी गुणगुणत पुढं निघाली. सासूचा हात तसाच हवेत राहिला. ते पाय किती दिवस चालतील कोण जाणे, पण ते सुनेचे स्वतःचे होते. द्वारकेनं हात हळूच मागं घेतला, त्याच हातानं डोळे पुसले, पदर खोचला आणि सुनेच्या मागून चालू लागली.

चालतीआई, जशी तू मंजुळेच्या पायांत आलीस, तशी दुखण्यात पडलेल्या साऱ्यांच्या पायांत ये. जशी द्वारकेला बसायची अक्कल दिलीस, तशी आम्हा माया करणाऱ्यांनाही दे. जितकं आयुष्य असेल तितकं ज्याचं त्याला चालू दे. ही साठ पावलांची कहाणी पाच पावलांत उंबऱ्याशी आली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. बायांनो, तांदूळ वाहा, आणि आता उठा.