राजबागेतल्या चिठ्ठ्या

शिरसगडच्या शाळेत युवराज भानुसिंहांनी पुस्तक उलटं धरून अख्खा धडा खणखणीत वाचून दाखवला आणि तिथेच घोटाळा झाला. तपासणीला आलेल्या महाराजांनी अंगरख्यातून स्वतःचा एक हुकूम काढून त्यांच्यापुढे धरला. युवराजांनी त्यावर नजर रोखून तोच धडा पुन्हा म्हटला.

बारा-तेरा वर्षांची वीस मुलं, पाच वर्षांचं शिक्षण, आणि एकालाही दोन ओळी वाचता येईनात.

"पंतोजी, हे काय?"

"वाचता येत नाही हे खरं, पण शिस्त पाहावी महाराज. एक मूल हललं नाही. वाचनाला आणखी सहा वर्षं लागतील."

महाराजांचं नाक लाल झालं. "एक महिना! तेवढ्यात मुलं वाचू-लिहू लागली नाहीत, तर शाळेत हत्तींचा चारा भरीन. आणि शाळेच्या वेळात जो खेळताना सापडेल, तो कुणीही असो, त्याने हत्तीखान्यात शेण उचलायचं."

पंतोजींच्या पोटात लगेच कळ आली आणि ते रजेवर गेले.

दाराशी केरसुणी घेऊन हौसा उभी होती. राजबागेच्या माळ्याची ही मुलगी रोज शाळा झाडायची आणि झाडता झाडता अक्षरं शिकली होती. तिची धाकटी बहीण गिरजा याच वीस जणांत होती. शाळा गेली की गिरजाच्या हातीही केरसुणीच येणार होती. हौसाने केरसुणी भिंतीला टेकवली.

"महाराज, मी शिकवते," ती म्हणाली. "पर मला राजबाग द्या. अन् छडी नको."

"बाग घे. पण खेळ दिसला की शेण!"

राजबागेतल्या पेरूंना आजवर कुणी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी हौसाने मुलांना चिठ्ठी दिली. तीत एकच शब्द होता, 'विहीर'. विहिरीवरच्या चिठ्ठीत 'चिंच'. चिंचेच्या ढोलीत पेरू. अक्षर अडलं की हौसाला विचारायचं, आणि ज्याला आलं त्याने इतरांना सांगायचं. पेरूसाठी विचारपूस जोरात चालली. पंधरवड्यात मुलंच एकमेकांसाठी लांबलचक चिठ्ठ्या लिहून लपवू लागली, आणि ज्याचं अक्षर लागेना त्याचा सगळे मिळून उद्धार करू लागले.

महिना भरत आला तशी पंतोजींची कळ थांबली. ते महाराजांना घेऊनच बागेत आले. "पाहा महाराज, पोरं उघड उघड हुंदडताहेत. खुद्द युवराज फणसावर आहेत."

"हौसा!" महाराज कडाडले.

हौसाने एक चिठ्ठी पुढे केली. "एवढी वाचा महाराज, मग शाळा बंद करा."

महाराजांनी वाचलं, 'फार राग आला असेल त्याने विहिरीवर जावे.' ते तणतणत गेले. तिथे दुसरी चिठ्ठी, 'इथे काही नाही. लिंबाखाली वाकून बघावे.' महाराज कित्येक वर्षांनी वाकले. तिसरी म्हणाली, 'केळीपर्यंत पळत जावे, नाहीतर दुसरा कुणी खाईल.' महाराज पागोटं सावरत पळाले. मागून पंतोजी धावले. केळीमागे पानावर तिखट-मीठ लावलेला पेरू होता. महाराजांनी तो उभ्या उभ्याच खाल्ला.

"हे अक्षर कुणाचं?"

"युवराजांचं," हौसा म्हणाली. "महाराज, एक विचारू? आपण आत्ता खेळत हुता का वाचत हुता?"

महाराजांना हत्तीखाना आठवला. "वाचत होतो," ते घाईने म्हणाले.

"मग पोरंबी वाचतच हुती."

महाराज इतके हसले की फणसावरचे युवराज घसरत खाली आले. हसू आवरून महाराज पंतोजींकडे वळले. "पंतोजी, माझ्या हातात चिठ्ठी होती. तुमच्या हातात काय होतं?"

"काही नाही, महाराज."

"म्हणजे तुम्ही नुसतेच पळत होता. हत्तीखाना त्या बाजूला आहे."

मग महाराजांनी दौत-लेखणी मागवली, काहीतरी लिहिलं, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि बागेत दिसेनासे झाले. परतले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती होती.

"हौसा, बक्षीस लपवलंय. शोध."

गिरजाच आधी धावली. चिंचेच्या ढोलीतून तिने चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर वाचली, 'आजपासून ही बाग शाळेची, आणि शाळा हौसाबाईंची.'