चूलबंद गावाचं शून्य

"पण बुवा, यंत्राचा आकडा चुकेल कसा?"

टेकडीवरच्या मठात भंडाऱ्याची सकाळ होती आणि सत्यव्रत भलताच ऐटीत होता. शहरातल्या नोकरीतून त्याने रजा घेतली होती, अंगातल्या प्रोग्रामरने नव्हती. किती जण येणार ते खालच्या गावाने मोबाईलवर लिहून कळवायचं आणि त्याच्या प्रोग्रामने त्या मजकुरातले आकडे वेचून बेरीज मांडायची. बेरीज एक्केचाळीस आली. त्याने लगेच लहान पातेलं काढून ठेवलं होतं.

मठ सांभाळणाऱ्या राघोबुवांनी सगळ्यात मोठा आकडा कुणाचा ते विचारलं.

"धुमाळांचा. चोवीस."

"त्यांनी लिहिलंय काय?"

सत्यव्रतने निरोप उघडला. 'नातीचं लग्न २४ तारखेला, येणं जमणार नाही.'

त्याने बेरजेतून चोवीस वजा केले.

"आणि शून्य कुणाकुणाचं?"

"बऱ्याच जणांचं. आकडा सापडला नाही की तो शून्य धरतो."

त्यातला एक निरोप त्याने उघडला. 'चूलबंद येतो.' दुसरा उघडला, तोही चूलबंद. तिसराही तेच…

बुवांना हसू आवरेना. चूलबंद म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या पोरापर्यंत, आलेल्या पाहुण्यांसकट सगळं घर जेवायला. त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. अख्खं गाव यायला निघालं होतं आणि प्रोग्रामने त्याला शून्यात काढलं होतं.

सत्यव्रतचा चेहरा खर्रकन उतरला. दारी आलेली माणसं आपल्यामुळे उपाशी परत जाणार होती.

"बुवा, चूलबंद म्हणजे किती धरू?"

बुवांनी लहान पातेलं पालथं घातलं आणि त्यावर निवांत बसले. मग मोठ्या कढईकडे बोट दाखवलं.

सत्यव्रतने बाह्या सरसावल्या. त्याने डाळ ढवळली, भात उपसला, पंगतीमागून पंगत वाढली. डोळ्यांत धूर, अंगावर डाळीचे शिंतोडे. पण आग्रह करकरून वाढताना त्याला इतका आनंद झाला की मोजायचं भानच राहिलं नाही.

शेवटची पंगत उठल्यावर तो बुवांपाशी येऊन टेकला.

"किती जेवले, देव जाणे. माझं शून्य मात्र साफ चुकलं."

बुवांनी टेकडीखाली गावाकडे हात केला.

"कुणाच्या घरातून धूर निघतोय का?"

त्याने डोळे ताणून पाहिलं…

"एकाही घरातून नाही."

"मग बरोबर आलं की तुझं शून्य."